तोंडाने काही देऊ नये

डॉक्टर, तुमचा कावळा लगेच शिवला म्हणे.

मी दहाव्याला आले नव्हते. तुमच्या गावी देवगाव रंगारीला जाऊन यायचं तर अख्खा दिवस मोडतो, आणि आयसीयूत त्या दिवशी ड्यूटीला माणसंच नव्हती. दुसऱ्या दिवशी वहिनींनी दवाखान्यात फोन केला. "नसीम, पिंड ठेवला आणि लोक मागं सरायच्या आधीच कावळा आला गं. काहीच राहिलं नव्हतं बघ त्यांचं." वहिनींचा आवाज कितीतरी दिवसांनी हलका वाटला, म्हणून मी नुसतं हो हो म्हटलं. पण खरं सांगते, मला राग आला. आमच्यात कावळ्याचं काही नसतं. तरी गुलमंडीच्या मागच्या गल्लीत सगळ्यांच्या दारात खेळून मोठी झालेली मी, कावळा शिवण्याचा अर्थ मला चांगला कळतो. काहीच राहिलं नव्हतं? माझ्याशी एवढे वाद अर्ध्यावर टाकून गेलात आणि जाताना जरासुद्धा घुटमळला नाहीत?

तुमच्यावर पेपरात छापून आलंय. तुम्ही कुठं शिकलात, मेंढपाळाच्या घरातून पुढं कसे आलात, शहरात आयसीयू कसा उभा केलात, सगळं व्यवस्थित आहे. त्यातला माणूस फार शांत आणि संयमी होता. मी त्याला ओळखत नाही. माझ्या ओळखीचे डॉक्टर राऊंडला आले की आधी पंखा कुणी बंद केला यावरून चिडायचे आणि चहा हातात आल्याशिवाय कुणाचा एक्स-रे खिडकीपाशी वर धरायचे नाहीत. मला त्यांच्याशी बोलायचंय.

तुम्ही माझ्याहून मोठे, तरी मला आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचात. पहिल्याच दिवशी मी तुम्हाला चपला बाहेर काढायला लावल्या होत्या, त्याचा तो सूड होता. तेव्हा आयसीयू म्हणजे जनरल वॉर्डच्या कोपऱ्यात काचा लावून केलेली खोली. जालना रोडनं चिकलठाण्यापर्यंत कारखाने उभे राहत होते. खेड्यांतली माणसं त्यांत कामाला येत होती आणि त्यांच्यातलीच काही हात चिरडून, भाजून, गॅस लागून आपल्याकडं येत होती. मग एका कारखान्यानं आपल्याला पहिलं व्हेंटिलेटर दिलं. तुम्ही त्याला हार घातलात, नारळ फोडलात आणि मला म्हणालात, "आपा, तुम्ही पण काहीतरी म्हणा." मी बिस्मिल्ला म्हटलं. त्या मशीननं पुढं कितीतरी पोरांना घरी चालत पाठवलं. त्या मशीनवर तुमचा आणि माझा, दोघांचाही जीव होता, हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं मी तुमच्याशी भांडणार आहे.

पाटी तुमचीच कल्पना. आपल्याकडची माणसं दवाखान्यात येतात ती हातात पाण्याचा तांब्या घेऊन. आजारी माणूस दिसला की आधी त्याला घोटभर पाजणार. बेशुद्ध माणसाला पाजलेलं पाणी पोटात न जाता फुप्फुसात जातं, हे त्यांना कुठून माहीत असणार? एका मुलीला तिच्या मामानं असंच मायेनं पाणी पाजलं आणि आपण तिला वाचवता वाचवता अर्धे झालो. त्याच दुपारी तुम्ही पेंटर बोलावलात. पत्र्याच्या पाट्या, पांढऱ्यावर लाल अक्षरं, प्रत्येक कॉटच्या पायथ्याला एक: तोंडाने काही देऊ नये. माणूस बरा व्हायला लागला की ती पाटी काढून मी कपाटात ठेवायची. फार सुख होतं त्या कामात.

भांडण झालं ते जे बरे होणार नव्हते त्यांच्यावरून. एक म्हातारा होता, त्याची किडनी, लिव्हर, सगळं संपत आलेलं. सकाळ दिसेल की नाही अशी अवस्था. ओठ चिरलेले, जीभ काष्ठ झालेली, आणि शुद्ध येईल तेव्हा एकच शब्द, पाणी. त्याचा मुलगा काचेबाहेर तांब्या धरून उभा. मी म्हटलं, डॉक्टर, आता द्यायला काय हरकत आहे? आमच्यात शेवटी जमजमचं पाणी घशाखाली उतरवतात, तुमच्यात गंगेचं. ते नसलं तर नळाचं. पण कोरड्या घशानं कुणाला पाठवत नाहीत. तुम्ही म्हणालात, "अजून एक दिवस बघू." तुमचा तो एक दिवस कधी संपायचाच नाही. म्हातारा गेला तेव्हाही पाटी तिथंच होती.

त्यावर मी तुमच्याशी बोलणं टाकलं. तुम्ही कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसलात आणि चहात बोट बुडवून मलई काढत म्हणालात, "आमचा बाप तापानं गेला, आपा. रानात, मेंढरांपाशी. गावात डॉक्टर नव्हता. जो तो आला त्यानं त्याला पाणीच पाजलं. औषध कुणी पाजलं नाही. पाणी पाजून हात जोडून बसायची सवय लागलीय आपल्या लोकांना. ती सवय मोडायला मी डॉक्टर झालो." मला ते पटलं नाही, आणि तसं मी सांगून टाकलं.

मग आपण एक तोड काढली. काढली म्हणजे कुणी काही बोललं नाही, आपोआप निघत गेली. सगळे उपाय थकले की तुम्ही राऊंड संपवून जाताना त्या कॉटची पाटी उलटी फिरवायचात. मागची बाजू कोरी. आम्ही सिस्टर लोक समजून जायचो. मग चमच्यानं पाणी, ओठांना तूप, नको ती इंजेक्शनं बंद, घरच्यांना जवळ बसू द्यायचं. तुम्ही मात्र पाटी फिरवली की तिथं थांबायचा नाहीत. ज्या माणसानं बंद पडलेली हृदयं हातानं दाबून चालू केली, त्याला तेवढं एक वाक्य तोंडानं बोलता येत नव्हतं. मी मनातल्या मनात हसायचे. माफ करा, पण हसायचे.

ते वाक्य तुमच्या तोंडून काढलं ठकूबाईनं. आठवते ना? कन्नड तालुक्यातली, तुमच्याच समाजाची, खांद्यावर घोंगडी टाकून व्हरांड्यात बसायची. तिची दोन्ही पोरं चिकलठाण्याला कारखान्यात, त्यांनी बापाला उचलून आपल्याकडं आणलेलं. मेंदूत रक्तस्राव, म्हाताऱ्यात काही राहिलेलं नव्हतं. सकाळी तुम्ही पाटी उलटी करून गेलात. मी वाटी चमचा घेऊन गेले तर पाटी सुलटी. मला वाटलं, तुमचा विचार बदलला. विचारायला आले तर तुम्ही उलट मलाच ओरडलात. मी जाऊन फिरवली. दुपारी पुन्हा सुलटी. मग मी पडद्यामागं उभी राहिले, आणि भेटीच्या वेळेत बघते तर ठकूबाई इकडंतिकडं बघून हळूच पाटी फिरवतेय.

"मावशी, कामून फिरवताय पाटी?"

तिनं हात मागं घेतला नाही. "त्या कोपऱ्यातल्या मानसाची उलटी केली अन् सांजच्याला त्यो गेला. म्या बघितलं ना बाई. आमच्या म्हाताऱ्याची नका करू. जवर पानी बंद हाय, तवर मानूस हाय."

असं कधी आपल्या डोक्यात आलं होतं का, डॉक्टर? आपण समजत होतो, बंदी म्हणजे छळ आणि पाणी म्हणजे दया. ती बाई बंदीलाच धरून बसली होती. ज्याला अजून काहीतरी मना आहे, त्याच्याकडून अजून काहीतरी अपेक्षा आहे. आपली मुकी खूण सगळ्या व्हरांड्यानं वाचली होती आणि आपल्यालाच तेवढं ठाऊक नव्हतं.

मी तुम्हाला बोलावलं. तुम्ही आलात ते वैतागत, आणि मग काय झालं कोण जाणे, ठकूबाईसमोर सरळ फरशीवर बसलात. पांढरा कोट घालून, मांडी घालून. आधी विचारलंत, कुठल्या वाडीच्या, मेंढरं कुणाच्या हवाली करून आलात. मग तुमच्या आईच्या भाषेत बोललात. "मावशे, म्हाताऱ्याला म्या बरं करू शकत नाय. लई केलं. आता त्यास्नी तरास होऊ द्यायचा नाय, येवढं माझ्या हातात हाय. अन् म्या त्यास्नी टाकून जाणार नाय." ठकूबाई बराच वेळ घोंगडीची दशी ओढत बसली. मग तिनं तो प्रश्न विचारला. "तुमचा बाप असता तर काय केलं असतं, दादा?"

आणि तुम्ही उठलात. कोट झटकलात, "राऊंड राहिलाय" म्हणालात आणि निघून गेलात. पाणी तिनं पाजलं. माझ्या हातातला चमचा घेऊन, एकेक थेंब, नवऱ्याचं नाव न घेता त्याच्याशी बोलत. पण तुम्ही उठून गेलात ते मी विसरले नाही.

आपला सगळ्यात मोठा वाद तो. उत्तर का दिलं नाहीत? तुमचं म्हणणं, ते उत्तर देणं म्हणजे फसवणूक. "मी म्हटलं, माझ्या बापाला पाणी पाजलं असतं, की ती पाजणार. मी म्हटलं, मशीन लावलं असतं, की ती पोरांना शेत विकायला लावणार. डॉक्टरच्या बापाचं मरण तिच्या नवऱ्याला का चिकटवायचं? तिचं तिला ठरवू दे." माझं म्हणणं, ती ठरवायला नाही विचारत हो. ती विचारतेय की इथं मी एकटीच आहे का. त्यावर तुम्ही म्हणायचात, आपा, तुमचं सगळं उर्दू शायरीसारखं होतं. मी म्हणायचे, आणि तुमचं सगळं प्रिस्क्रिप्शनसारखं. किती वर्षं चाललं हे. कँटीनवाल्यानं एकदा आपला चहा आणून ठेवता ठेवता विचारलं होतं, "आज पण बापावरूनच का?"

तुम्ही एक मात्र केलंत. त्या दिवसापासून नियम झाला: आधी जमिनीवर बसायचं, मग पाटीला हात लावायचा. उभ्यानं ते वाक्य बोलायचं नाही, खुर्चीवर बसून तर नाहीच. नवे डॉक्टर हसायचे. तुमचे गुडघे गेले तरी तुम्ही बसत राहिलात आणि उठताना माझ्या खांद्याला धरत राहिलात. बाकी कशाहून जास्त मला ते आठवतं, तुमच्या हाताचं वजन.

गौतमनं तुम्हाला आणखी छळलं. तो तुम्हाला रस्त्यात भेटला होता, हेही पेपरात नाही. नामांतराचे दिवस. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाल्यावर जी गावं पेटली, त्यातल्याच एका गावातून त्याच्या घरचे अंगावरच्या कपड्यांनिशी शहरात आलेले. शहर सारखं बंद असायचं, कधी या बाजूचं, कधी त्या. अशाच एका बंदला मेडिकलच्या या पोरानं तुमची स्कूटर अडवली. "कुठं निघालात?" तुम्ही म्हणालात, "तुमच्यातलाच एक जण डोकं फुटून आलाय, त्याला बघायला. येतोस?" तो मागं बसून आला, आणि पुढं शिकून आपल्याकडंच डॉक्टर म्हणून आला. येऊन तुमच्याच पाटीवर बोट ठेवलं.

"डॉक्टर," म्हणाला, "गरिबाची पाटी लवकर उलटी होते आपल्याकडं. ज्याच्या मागं कुणी नाही त्याला आपण शांतपणे जाऊ देतो आणि मालक लोकांना अजून एक दिवस बघतो. आमच्या माणसांना कायम थोडक्यात भागवायला शिकवलं. आता मरताना पण घोटभर पाण्यावर भागवा म्हणायचं का?"

तुम्ही भडकाल असं वाटलं मला. तुम्ही त्या दिवशी चहासुद्धा प्यायला नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून म्हणालात, "माझ्या बापाचंच बोललास तू." तेव्हापासून पाटी फिरवायच्या आधी तुम्ही दोघं एकमेकांना विचारायचात, हा कारखान्याचा मालक असता तर आज आपण काय केलं असतं? आणि मालक आला की उलटं, हा हमाल असता तर आपण त्याला एवढं टोचत बसलो असतो का? त्या प्रश्नानं काहींच्या पाट्या उशिरा फिरल्या, काहींच्या लवकर. काही जण घरी गेले, आपल्या पायानं. गौतम नसता तर ते गेले नसते, हे तुम्ही सगळ्या स्टाफसमोर बोलून दाखवलंत. तुम्हाला जीव लावायचं हेही एक कारण होतं माझ्याकडं.

याच दिवसांतलं तुमचं एक बोलणं मी जपून ठेवलं होतं. त्या दिवशी एक पोरगी मशीनवरून उतरून बोलायला लागली होती, तुम्ही कँटीनमध्ये खुशीत होता. म्हणालात, "मला मात्र शेवटपर्यंत लढवायचं, आपा. आहेत तेवढ्या नळ्या घालायच्या. मी धनगराचा पोर आहे. खड्ड्यात पडलेलं मेंढरू आम्ही ओढून काढतो, वरून पाणी टाकून घरी जात नाही." मी म्हटलं, लक्षात ठेवते. "वचन द्या." दिलं.

मग तुमचा खोकला. स्वतःचा एक्स-रे तुम्ही त्याच खिडकीपाशी वर धरलात, दुसऱ्या हातात चहा. "आपा, ही सावली काही बरी नाही." मुंबईला उपचार घेऊन आलात, अंगावरचे कपडे ढगळ झाले. संक्रांतीला विद्यापीठाला एकदाचं नाव लागलं तेव्हा गौतम तिळगूळ घेऊन तुमच्या घरी गेला होता, मी पण होते. तुम्ही गादीवर टेकून बसलेले. म्हणालात, "एका नावाला एवढी वर्षं लागतात होय रे?" तो म्हणाला, "आम्ही पण रोज म्हणत राहिलो, अजून एक दिवस बघू." तुम्ही इतके हसलात की धाप लागली. तेव्हा मला वाटलं, ह्या माणसाला काही होत नाही.

आणि मग त्या सकाळी तुम्ही स्ट्रेचरवर आलात. खिडकीजवळचा बेड मी स्वतः लावला, पाटी स्वतः अडकवली. दोन्ही फुप्फुसं भरलेली, मास्क लावूनही ओठ निळे. तुम्ही ओळखत होता सगळ्यांना, फक्त बोलायला श्वास पुरत नव्हता. मी ट्रे मांडला, श्वासनळीत घालायची नळी बाहेर काढून ठेवली, मशीन जोडून ठेवलं. गौतम आला आणि म्हणाला, "सिस्टर, नळी घालायची नाही."

मी म्हटलं, घालायची आहे. डॉक्टरांनी माझ्याकडून वचन घेतलंय.

"मुंबईहून आल्यावर त्यांनी मला आणि वहिनींना सांगितलंय. नळी नको, मशीन नको."

मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. डॉक्टर, त्या क्षणाला मी तुमच्यावर जेवढी चिडले तेवढी आयुष्यात कुणावर चिडले नाही. "मला का नाही सांगितलं?" वहिनी म्हणाल्या, "म्हणत होते, आपाला सांगायचं धाडस होत नाही."

म्हणजे पुन्हा तेच. पाटी फिरवायची आणि निघून जायचं.

मी ऐकणार नव्हते. सगळी वर्षं तुमच्याशी पाण्यावरून भांडणारी मी, आता नळी हातात धरून उभी होते आणि तोंडातून तुमचंच वाक्य निघालं, अजून एक दिवस बघू. आतून मला माहीत होतं की तो दिवस तुम्हाला कुठंच नेणार नाही. मशीननं तुमची छाती हलली असती, त्यापलीकडं काही नाही. ते माहीत असणं वेगळं आणि तुमच्या बाबतीत माहीत असणं वेगळं. तेवढ्यात तुम्ही मास्क बाजूला सारलात आणि एक शब्द बोललात. "चहा."

मी म्हटलं, तोंडानं काही द्यायचं नाही, डॉक्टर.

तुमच्या डोळ्यांत हसू आलं होतं. मी बघितलं, आणि मुद्दाम तिकडं दुर्लक्ष केलं.

गौतम तुमच्या कॉटच्या पायथ्याशी फरशीवर बसला. म्हणाला, "बसा आपा." तोपर्यंत त्यानं मला कधी आपा म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, मला नको बसवू, मी स्टाफ आहे. तो नुसता बसून राहिला. वहिनी पण त्याच्या शेजारी बसल्या. मी एकटीच उभी, हातात नळी. तेव्हा मला उमगलं की या खोलीत मी आता नातेवाईक आहे. ट्रे खाली ठेवला आणि बसले.

तो तुमचीच वाक्यं बोलला, त्याच क्रमानं. आपण त्यांना बरं करू शकत नाही. लई केलं. आता त्रास होऊ द्यायचा नाही, तेवढं आपल्या हातात आहे. आणि आपण त्यांना टाकून जाणार नाही. ती वाक्यं मी तुमच्या शेजारी उभी राहून कितीदा ऐकली असतील, मला वाटायचं मला पाठ आहेत. खाली बसून ऐकल्यावर कळलं, ती फार मोठी आहेत. मी त्याला विचारलं, "तुझा बाप असता तर काय केलं असतंस?" तो रडत होता. म्हणाला, "तेवढं उत्तर त्यांनी मला शिकवलं नाही."

मग मी उठले, गौतमच्या खांद्याला धरून. पाटी मी फिरवली, दुसऱ्या कुणाला फिरवू दिली नाही. श्वासाची तगमग कमी करायला गौतमनं मॉर्फिनचं थोडं इंजेक्शन दिलं. कँटीनमधून चहा आला. मास्क सरकवून अर्धा चमचा तुमच्या ओठांत सोडला. तुम्ही तो तोंडात घोळवलात, गिळलात, खोकलात. माझा हात सवयीनं घसा साफ करायच्या सक्शनच्या नळीकडं गेला, वहिनींनी मनगट धरलं. खोकला थांबल्यावर तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "साखर कमी आहे."

दुपारी तुम्ही गेलात. वहिनींचा हात हातात, खिडकी उघडी, कुठलंही मशीन वाजत नव्हतं. कुणी पळापळ केली नाही. मी त्या खोलीत एवढी मरणं पाहिली, एवढं निवांत मरण तुमच्या वाट्याला यावं ह्याचा मला अजून हेवा वाटतो आणि अजून रागही येतो.

कारण माझा प्रश्न तसाच आहे. कँटीनमधले डॉक्टर खरे की मुंबईहून आलेले? मी गौतमला विचारलं. तो म्हणाला, माणसाचा नंतरचा शब्द धरायचा, आजार कळल्यावरचा. मी म्हटलं, आणि त्या सकाळी तो पुन्हा बदलला असेल तर? श्वास पुरत नव्हता म्हणून चहा एवढंच बोलता आलं असेल तर? चहा मागितलात तेव्हा तुमचे डोळे हसत होते, मी स्वतःला तेवढंच सांगते. बहुतेक दिवस ते पुरतं. एखाद्या दिवशी नाही पुरत, तेव्हा मी तुम्हाला शिव्या घालत कामाला येते. येते मात्र.

आता शेवटचं सांगते आणि उठते. परवा तुमच्याच बेडवर एक जण होता, चिकलठाण्याच्या कारखान्यावर वॉचमन. काही उरलं नव्हतं. गौतम बाहेर गेलेला आणि माणसाचा तर भरवसा नव्हता. त्याची बायको पायथ्याशी उभी राहून पाटी वाचायचा प्रयत्न करत होती. मी तिच्यासमोर फरशीवर बसले. गुडघे तुमच्यासारखेच वाजतात आता. सगळी वाक्यं बोलले, एकही गाळलं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि मग विचारलंच, "तुमचं मानूस असतं तर काय केलं असतं, बाई?"

मला तुमचा पांढरा कोट दिसला, झटकून निघालेला. मी उठले नाही.

"होतं," मी म्हटलं. "ह्याच कॉटवर. चहा पाजला त्यांना. साखर जरा कमी पडली."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसून तिनं विचारलं, "चमचा कुठं मिळंल?"